सुनंदाबाईचा ठोका

(अमळनेरजवळचं गाव. उद्या, रविवारी, घरात कानबाई देवी बसायची आहे; सोमवारी तिचा पाट डोक्यावरून नदीवर विसर्जनाला न्यायचा. सुनंदाबाई रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे गहू निवडतेय. मुलगी कामिनी धुळ्याहून आलीय; मुलगा हितेंद्र पुण्यात असतो.)

सुनंदाबाई : ...मंग ती लॅबवाली बाई फोनवर म्हने, काकू, तुमनी छाती धडधडस, आमनी तपासनी करी ल्या. मी सांगं, तुले कोनी सांगं व माय?

कामिनी : तुझ्या घड्याळानं, आई. हितेंद्रनं पुण्याहून पाठवलं ना, त्याचं ॲप तुझा ठोका, झोप, चालणं, सगळं कंपनीला कळवतं. तिथून पुढे कुणाकुणाकडे जातं, देव जाणे.

सुनंदाबाई : मना ठोका, आनि त्यासना धंदा.

कामिनी : हितेंद्रलाही दिसतो.

सुनंदाबाई : तोच तर बठ्ठा घोळ शे. काल फुगडी खेळी, ती पुरी व्हवाना पहिलेच त्याना फोन. सोमवारे कानबाईना पाट डोकावर लिसन नदीवर जावानं नही, म्हने.

कामिनी : डॉक्टर काय म्हणाले?

सुनंदाबाई : दम लागना ते बस, म्हने. पाटले ना नही म्हने.

कामिनी : मोबाइल दे. कंपनीचं ॲप काढून दुसरं टाकते. घड्याळ हेच राहील. हे ॲप लोकांनी मिळून बनवलंय, आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं. तुझे आकडे तुझ्या मोबाइलबाहेर जाणार नाहीत. डॉक्टरांना तूच दाखव.

सुनंदाबाई : हितेंद्रले दिसाव नही?

कामिनी : नाही. तू सांगशील तेवढंच.

सुनंदाबाई : मंग पहिले त्याले फोन लाव. चोरीनं काही करानं नही.

हितेंद्र : (फोनवर) ताई, ते काढलंस तर मला काही कळणारच नाही.

कामिनी : विचारलंस तर कळेल.

हितेंद्र : तुला सोपं वाटतं. आपले नाना गेले तेव्हा शेतात, कपाशीत पडून होते, संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी रोज उठलो की आधी आईचा ठोका बघतो, मग तोंड धुतो.

सुनंदाबाई : माले माहीत नव्हतं, बेटा.

हितेंद्र : काय?

सुनंदाबाई : तू इतला घाबरस ते. फोन करस नि निस्ता वरडस. आई, तू कशी शे, हाई कधी इचारंच नही.

हितेंद्र : ...कशी आहेस?

सुनंदाबाई : बरी शे. नाना गयात तवयपासून पाटले मना हात लागना नही. रांडमुंड बाई, कोन लेवू देस? यंदा भाऊबंदन्या बाया सोता घर उन्यात. म्हने, सुनंदा, पाट तू ले. त्या गयात नि मी चूलपुढे बसीसन रडी लिधं.

हितेंद्र : मला सांगितलं नाहीस.

सुनंदाबाई : घड्याळनी सांगं नही का?

हितेंद्र : ...त्या दिवशी ठोका वाढलेला दिसला होता. मला वाटलं, गोळी चुकली.

कामिनी : मग? काढू का ॲप?

हितेंद्र : काढ. मी उद्या सकाळीच निघतो. पण आई, नदीपर्यंत मी तुझ्या बाजूनं चालणार.

सुनंदाबाई : चाल ना. एक हात पाटले राही, दुसराना मनगट तू धर. ठोका तठेच लागस.