ब्रेक मारला की टक!

हसू नका रे, आमच्या जीपच्या पासिंगला खरंच असं झालं!

शारजाच्या भंगारातून आणलेली, माझ्याहून म्हातारी जीप. दोन वर्षं सगळे वीकेंड घालून चालती केली. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बायकोने, मंजिरीने, डॅशबोर्डवरच गणपती म्हणून सुपारी मांडून पूजा केली. आरती होईपर्यंत सुपारी गायब! आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेक मारला की आत कुठेतरी टक.

मी सस्पेन्शन उतरवलं, ब्रेक उघडले, सगळे बुश बदलले. टक कायम.

शेवटी तशीच नेली टेस्टिंगला. मल्याळी इन्स्पेक्टरने ब्रेक मारला. टक! "ये क्या है, सर?" म्हणत त्याने इंजिन बंद केलं, डॅशबोर्डखाली हात घातला आणि सुपारी बाहेर काढली. एसीच्या फटीतून आत पडली होती.

मंजिरी मागच्या सीटवरून किंचाळली, "अय्या, गणपती!"

त्याने चटकन हात जोडले, सुपारी तिला दिली आणि चावी फिरवली. गाडी सुरूच होईना! एकदा, दोनदा, तीनदा. मागे ही लाइन, हॉर्नवर हॉर्न.

"भैया, एक मिनिट," म्हणत मंजिरीने सुपारी पुन्हा त्याच फटीत टाकली. "अब यल्ला, चलो!"

भुर्रर्र!

आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो. पासचा कागद देताना मात्र तो एकदम गंभीर झाला.

"सर, ओरिजिनल पार्ट है. निकालना मत."