ते बघण्यासारखं आहे का?

...आणि परत मलाच विचारतात! तुम्हाला सांगते, सकाळी दार उघडावं तर माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर दोघं बसलेले, पायाशी बॅगा, आणि गुड मॉर्निंग नाही, काही नाही, "बाई, इथली ती बिअरची फॅक्टरी... बघण्यासारखी आहे का हो?" मला काय विचारता? मी काय तिकडची मालकीण आहे? एकाहत्तर वर्षं झाली मला या डब्लिनमध्ये, याच गल्लीत, त्याच भिंतीला लागून! भाजलेल्या जवाचा वास माझ्या पडद्यांना, माझ्या उशीला, माझ्या लग्नाच्या झग्यालासुद्धा होता, पण प्रेक्षक म्हणून आत? मी? आमचे बाबा तिथे पिंपं बनवायचे हो, लाकडाची पिंपं, चौतीस वर्षं! ते कामगारांच्या फाटकातून जायचे, तोंडाला काजळी माखून परत यायचे. त्याचं आता तिकीट काढून कौतुक करू?

बरं, परक्यांचं सोडा. आमची कॉन्सेप्टा! माझी धाकटी बहीण, टोरांटोला असते. नऊ वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे एक शब्द नाही, आणि अचानक फोन. मला वाटलं कोणी गेलं की काय! तर म्हणते, "डिंपना, चार दिवस येतेय. ते आपल्या गल्लीतलं... बघण्यासारखं आहे का गं?"

येशू, मेरी आणि जोसेफ! नऊ वर्षांनी हे?

आली. माझ्या स्वयंपाकघरात बसली, चहा गार होतोय, आणि मोबाइलवर लोकांची मतं वाचतेय. "हे बघ, हा म्हणतो आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस. ही म्हणते, गर्दी फार, पाय दुखले. हा म्हणतो, वरून सगळं शहर दिसतं." मी म्हटलं, शहर बघायला शहराच्या डोक्यावर कशाला चढायला हवं, दार उघड की! म्हटलं, बाबांच्या घामाची जत्रा केलीय त्यांनी, मी पाय ठेवणार नाही!

तर मोबाइल खाली ठेवला तिनं. अगदी हळू म्हणाली, "मग बाबांना बघायला मी जाऊ कुठे? त्यांची पेटी तर तू भंगारात घातलीस."

झालं! आलं ते बाहेर. वाकस, रंधे, हातोडे... बाबांच्या हत्यारांची पेटी. ते गेले त्या वर्षी मी ती देऊन टाकली. आईच्या मयताला ही आली, घरभर शोधली, आणि तेव्हापासून अबोला. पण एकदा तरी विचारलं का, का दिलीस म्हणून? ही तिकडे टोरांटोत! इथे आई रोज त्या पेटीसमोर खुर्ची घेऊन बसायची, जेवायला उठायची नाही, हो! काय करायला हवं होतं मी? बोलले. सगळं बोलले, ओरडून बोलले, शेजारच्या मिसेस ब्रॅननने भिंतीवर थापा मारल्या. कॉन्सेप्टा म्हणते, "हे मला कोणी सांगितलं नाही." म्हटलं, तू बोलत होतीस का कोणाशी!

...आणि म्हणून गेलो. नाहीतर मी जाते?

आत सरकते जिने, गाणी, दिवे... एक हसरी पोरगी म्हणते, "डोळे मिटा आणि वास घ्या!" अगं बाई, मी एकाहत्तर वर्षं घेतेय, तू घे! माझं डोकं असं तापलेलं. आणि तिसऱ्या मजल्यावर कॉन्सेप्टाने माझा दंड धरला, नखं रुतली. "डिंपना! बाबा!"

भिंतीवर जुनी फिल्म चाललेली. एक माणूस पिंपावर कडं ठोकतोय, टोपी तिरकी, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय.

बाबा? अगं, तो टूही! पलीकडच्या गल्लीतला टूही! त्याच्या मांजरीने बाबांचं शर्यतीचं कबूतर खाल्लं, आणि एकाच बाकावर काम करून बाबा त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत, तो टूही! चौतीस वर्षं आमच्या बाबांनी पिंपं ठोकली आणि भिंतीवर कोण, तर टूही! मी चिडले हो, मोठ्यांदा बोलले, मांजर, कबूतर, सगळं. वळून बघते तर वीस-पंचवीस माणसं गोळा झालेली, जपानी, ब्राझिली, आणि टाळ्या वाजवतायत! त्यांना वाटलं, मी कार्यक्रमातलीच.

कॉन्सेप्टा मात्र भिंतीकडेच बघत होती. "त्याच्या मागे बघ," म्हणाली.

टूहीच्या मागे एक पाठ. नुसती पाठ, हो! रुंद, डावा खांदा जरा उतरलेला, सदऱ्याला कोपराशी ठिगळ. ते ठिगळ आईचं. सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून हसतायत आणि हा एकटा पाठ फिरवून उभा. का? तर टूहीच्या शेजारी उभं राहायचं नाही म्हणून! पुढच्यांना सगळं जग बघतंय, आणि आमचा माणूस रुसून बसलाय, कायमचा!

कॉन्सेप्टा हसायला लागली. मग रडायला लागली. मग म्हणाली, "आपण दोघी कुणावर गेलो, कळलं?" मी म्हटलं, गप्प बस. पण हात सोडला नाही तिचा.

सात वेळा बघितली ती फिल्म. वर जाऊन बिअरसुद्धा घेतली नाही, शहर तर राहिलंच!

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! दुसऱ्या दिवशी म्हणते, परत जाऊ. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी तिचं विमान, म्हटलं, आता तरी कबरीवर फुलं वाहून येऊ. तर म्हणते, "तिथे ते कुठे दिसतात?"

सकाळी नऊला दोघी म्हाताऱ्या रांगेत. काउंटरवरची पोरगी मला ओळखून हसली. "तुम्ही परत? फारच आवडलेलं दिसतंय!"

"आवडलं?" मी म्हटलं, "अजिबात नाही. दोन तिकिटं दे."