सासऱ्याला मिरजेला नेलं

सांगलीत पटकीची लस टोचून घ्यायला रांग लागली होती. पुढं दोन शेतकरी बोलत होते, आणि अनसूयाबाईंचे कान तिकडंच होते.

“गुंडा, सासऱ्याला पटकी झाली, तवा मिरजेला तूच नेलंस न्हवं?”

“व्हय. उशीर नको म्हनून बैलं लय पळवली.”

“बरं केलंस.”

“दवाखान्याच्या दारात मागं बघतो, तर गाडीत नुसती घोंगडी.”

“आनि सासरा?”

“वड्यापाशी पडला हुता. मागनं हळदीची गाडी आली, तिनं उचलून आनला.”

अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“वाचला न्हवं?”

“वाचला की. परवा सोडला. मी गाडी घिऊन दारात उभा. तर म्हनला, जावईबापू, तुमी व्हा फुडं. मी चालत येतो.”