साडेचार इंची भिंत

...आणि हे मला आधी कुणी सांगितलंच नाही हो! मला वाटलं, टाइल्स आणायच्या, सिमेंट लावायचं, चिकटवायच्या, झालं! पण नाही. मंजुनाथ गवंडी आला, अळणावरचा, अर्धं मराठी अर्धं कानडी, स्वयंपाकघराच्या भिंतीला वरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, आणि तेरावं जेवायला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "गोडी नेट्टगिल्ल री, सर!" भिंत सरळ नाही! छत्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली मी, आणि मला माझ्याच घरात सांगतो, भिंत सरळ नाही!

म्हटलं, "अरे, वर टाइल्स लागल्या की कुणाला दिसतंय?"

"दिसत नाही सर, पडतंय. मधे पोट आलंय, खाली तीन इंच आत गेलंय. जुना गिलावा सगळा काढायचा, पकड यायला छिन्नीनं टाचे मारायचे, दोन हातांत नवीन प्लास्टर, आठवडाभर पाणी... मग टाइल." आणि वर विचारतो, "कोण बांधलं हो ही भिंत? झोपेत बांधलं काय?"

आता तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका... मीच बांधून घेतली. बारा वर्षांपूर्वी, अप्पा गेले तेव्हा. मी हुबळीत, लॅमिंग्टन रोडला परीक्षेच्या ड्यूटीवर, फोन कपाटात. पेपर संपल्यावर बघतो तर अकरा मिस्ड कॉल! बस पकडून धावतपळत धारवाडला येतोय, तर राघूअण्णा, माझा सख्खा थोरला भाऊ, अग्नी देऊन मोकळा! का? तर म्हणे अंधार पडायच्या आत उरकायचं. तासभर, फक्त तासभर थांबला नाही हो! मला अप्पांचं तोंड बघायला मिळालं नाही. मी तिथंच म्हटलं, आता तुझंही बघणार नाही. आणि चौदाव्या दिवशी स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत! तो गवंडी बिचारा सांगतोय, दोरी तरी लावू द्या, मी ओरडतोय, "दोरी-बिरी मरू दे, आधी उंच कर!" दोन दिवसांत छताला टेकवली. कशी सरळ होणार, सांगा? गोडी नेट्टगिल्ल!

तर टाचे मारायला सुरुवात झाली. आमची ही, यमुना, डबे उचलता उचलता म्हणते, "हळू मारायला सांगा, पलीकडे अण्णा आहेत." मी म्हटलं, "असू दे! मार रे मंजुनाथ, जोरात मार!" मारलं त्यानं. भिंत ती केवढी, साडेचार इंच! तीन-चार विटा सुटल्या त्या धाडकन पलीकडे! ताटाएवढं भोक! धूळ खाली बसली... आणि भोकात अण्णाचा चेहरा.

बारा वर्षांनी. केस सगळे गेलेले, गालफडं बसलेली. मी छाती पुढे काढली, म्हटलं आता होऊन जाऊ दे. काय काय सुनावायचं ते सगळं घोकून तयार होतं माझं! तर अण्णा हात जोडून म्हणतो, "नमस्कार हो. नवीन राहायला आलात?"

मला वाटलं, टोमणा मारतोय! पण मागून शकुंतलावहिनी आल्या, पदरानं त्याच्या डोक्यावरची धूळ पुसली, आणि हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, भावजी. कुणाला ओळखत नाहीत. मलाही कधी कधी अक्का म्हणतात."

दोन वर्षं! साडेचार इंचांपलीकडे! आणि मी इकडे बसून वरणभात खातोय, तिकडे भांडं पडलं की हिला म्हणतोय, बघ, मुद्दाम आपटतोय!

मग काय... मंजुनाथ रोज विचारतो, "सर, भोक बुजवू?" मी म्हणतो, "उद्या." अण्णा स्टूल घेऊन भोकापाशी बसतो, प्लास्टर बघतो, वहिनींनी दिलेला चहा मला अर्धा ओतून देतो. मी म्हटलं, "अण्णा, मी नागेश." तो म्हणतो, "बरं बरं." बसमध्ये अनोळखी माणसाला म्हणावं तसं! एकदा मनाचा हिय्या करून विचारलं, "अण्णा, त्या दिवशी थांबला का नाहीस रे?" तर म्हणतो, "कुठं? स्टँडवर?" आता या माणसाशी भांडायचं कसं, तुम्ही सांगा! बारा वर्षं सांभाळलेला राग घेऊन मी उभा, आणि घेणाराच जाग्यावर नाही! मागून मंजुनाथ, "सर, हलू नका, ओळंबा हलतंय..." अरे, हलू दे रे बाबा!

काल सगळं प्लास्टर झालं. भिंत काचेसारखी. भोक तेवढं राहिलंय. अण्णानं त्यातून हात घातला, माझा हात धरला, म्हणाला, "तुम्ही फार बरे हो. सख्ख्या भावासारखे. नाहीतर माझा एक भाऊ आहे, नागेश म्हणून. किती वर्षं झाली, तोंड दाखवलं नाही त्यानं. कशावरून रागावलाय, तेही आठवत नाही मला. तुम्हाला कुठं दिसला तर ये म्हणावं."



म्हटलं, "असतात हो एकेक माणसं. दिसला की सांगतो."