गजाननाने कोणाला हरवलं

माझा जन्म कर्जतचा. वडील तिथेच शाळेत गणित शिकवायचे, आजोबाही शिक्षकच, त्यामुळे आमच्या घरात आवाज चढवून बोलायची पद्धत नव्हती, आणि मी मुष्टियुद्ध खेळतो हे वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एवढंच विचारलं की समोरचा मनुष्य तुला काही बोललेला असतो का. मी नाही म्हणालो. मग मारतोस कशाला, म्हणाले. आता माझं वय छप्पन्न आहे, खोपोलीजवळ एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन, आणि आपण माझी हकिकत लिहून घ्यायला आला आहात तर आधीच सांगतो, मला माझ्यापेक्षा गजाननाबद्दलच जास्त बोलावं लागेल. त्याला इलाज नाही.

गजानन साजगावच्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरातला, माझ्याच वयाचा. आम्हा दोघांना शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त होऊन रसायनीच्या एका कारखान्यात लागले होते आणि मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पावसाळ्यात सराव कॉलनीच्या सभागृहात व्हायचा आणि भाताची झोडणी उरकली की गजाननाच्या घरच्या खळ्यावर. शेणानं सारवलेलं खळं, चार कोपऱ्यांना चार बांबू, त्यांना काथ्याचा दोर, झाली आमची रिंग. गजाननाची आई ओट्यावरून ओरडायची, गजा, त्या मास्तराच्या पोराला नाकावर नको मारू रं, त्याच्या आयशीला मी काय सांगू. आणि तो मारत नसे, खरंच मारत नसे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण हळू मारणं हेही कौशल्य असतं आणि ते फक्त जोराचा ठोसा असणाऱ्यालाच जमतं.

जिल्ह्याच्या हेवीवेट गटात त्यानं सात वर्षं विजेतेपद राखलं. परंतु हेवीवेटची अडचण आपल्याला सांगायला हवी. आमच्या भागात एक्क्याऐंशी किलोच्या वरचा माणूस, आणि तोही ठोसे खायला तयार असलेला, मिळणं अवघड. गटात दुसरं नाव नसेल तर लढतच होत नसे आणि ते पदक कोणी धरत नसे. म्हणून स्पर्धा जवळ आली की जिल्हा संघाचा चिटणीस, म्हणजे मीच, जाड माणसं शोधत हिंडायचा. खोपोलीच्या एका मिठाईच्या दुकानातला आचारी रामकिशन मी आणला. कॉलनीचा वॉचमन आणला, गोदामातला एक हमाल आणला. कर्जतकडचा बाळाराम पखवाज वाजवायचा, त्याला तर मी घरी जाऊन, त्याच्या बायकोच्या शिव्या ऐकून घेऊन आणला. तो रिंगमध्ये उतरल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, गजा, हातांवर नको मारू रं, सांच्याला भजन हाय. गजाननानं त्याला पोटावर दोन ठोसे दिले, बाळाराम खाली बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, बास, झालं माजं. लोक हसून हसून लोळले. मीही हसलो.

आता मूळ गोष्ट. माझं स्वतःचं वजन चौऱ्याऐंशी होतं. म्हणजे मी गजाननाच्याच गटातला, आणि जिल्ह्यात त्याच्यासमोर उभा राहण्याजोगा खेळाडू मी एकटा होतो. हे मी अभिमानानं सांगत नाही, उस्ताद तसं म्हणायचे. पहिल्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी त्यांनी आम्हाला खळ्यावर पूर्ण ताकदीनं खेळायला लावलं. पाहायला दुसरं कोणी नव्हतं, घरची माणसं बाजाराला गेली होती. पहिलं मिनिटभर मी चांगला खेळलो, माझा डावा हात त्याच्या तोंडावर दोनतीनदा लागला. मग बरगडीखाली त्याचा एक ठोसा बसला आणि मी सारवणावर बसलो. उठलो. पुन्हा तिथेच ठोसा बसला, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा उठलो नाही. गजाननानं दातांनी ग्लोव्हजची दोरी सोडली, तांब्याभर पाणी आणलं, आणि श्वास परत आल्यावर मी त्याला पहिलं वाक्य काय बोललो असेन, तर हे कोणाला सांगू नकोस. कशाला सांगीन रं, म्हणाला.

उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले, तीन किलो उतरव, खालच्या गटात जा, सुवर्ण तुझंच आहे, इथे राहिलास तर रौप्य आणि एक मोडलेली बरगडी. सल्ला त्यांचा होता, निर्णय माझा. युरियाच्या गोणीतला आतला प्लास्टिक कागद स्वेटरखाली गुंडाळून मी खोपोलीहून कर्जतच्या रस्त्यानं धावलो, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद केलं, तोंडात चिंच धरून दिवसभर थुंकत राहिलो. काट्यावर एक्क्याऐंशीला शंभर ग्रॅम कमी भरलो. हे मी चार वर्षं केलं, चारही वर्षं खालच्या गटाचं सुवर्ण घेतलं, आणि वरच्या गटात गजाननासमोर उभं करायला माणसं शोधत राहिलो.

पुढे राज्याच्या स्पर्धेसाठी निवड करणारे आले, आमच्या दोन्ही गटांत मिळून जागा एकच होती. त्यांनी गजाननाचे कागद पाहिले आणि विचारलं, याने हरवलं कोणाला? कोणीतरी हसत हसत भजनाची गोष्ट सांगितली. मी तिथे चिटणीस म्हणून कागद घेऊन उभा होतो. मी काही बोललो नाही. गजानन भिंतीशी उभा होता, त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. निवड माझी झाली. राज्याच्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरलो, परंतु त्या प्रमाणपत्रावर मला शिक्षकाची नोकरी मिळाली. गजानन भाताची गिरणी चालवतो. गिरणी चांगली चालते, त्याची मुलं शिकली, तो दुःखात आहे असं मी म्हणणार नाही. दुःखात नसलेल्या माणसावरही अन्याय झालेला असू शकतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

गेल्या वर्षी गजाननाच्या गावात मुष्टियुद्धाचा हॉल बांधून झाला. त्याला गजाननाचं नाव द्यायचं पंचायतीच्या मनात होतं. बैठकीला सरपंचताई होत्या, मी होतो, आणि हॉलमध्ये शिकवणारा नितेश होता. नितेश तिशीतला, अभ्यासू, जगभरच्या लढती मोबाईलवर पाहणारा. बैठकीआधी त्याचा पोरांशी कुठल्याशा परदेशी हेवीवेट विजेत्यावरून वाद चालला होता, की त्याच्यापुढे आलेले सगळे उतारवयातले, त्याला मोठा कसा म्हणायचा. तोच धागा त्यानं बैठकीत ओढला. ताई, राग नका मानू, पण गजाआबांनी भजनी बुवाला पाडलं, हलवायाला पाडलं, पोरांना मी काय सांगू, लाडू वळणाऱ्याला मारून चॅम्पियन होता येतं? मग ताई माझ्याकडे वळल्या. सर, तुमी तेव्हाचे, तुमी सांगा. मी म्हणालो, प्रतिस्पर्धी फारसे दर्जेदार नव्हते हे खरं आहे. वाक्य अगदी खरं होतं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि मी घरी आलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की निवड समितीपुढे मी गप्प राहिलो होतो, आज तर बोललो.

दोन दिवसांनी गिरणीवर गेलो. गजाननाला सांगितलं की पुढच्या बैठकीत मी खळ्यावरचं सगळं सांगणार आहे. गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगणं फार कठीण असतं. त्यानं मशीन बंद केलं. म्हणाला, मास्तर, तुज्या जिवाला लागलंय म्हणून सांगतोस ना? मग तसंच सांग. माज्यासाटी सांगतोय असं नको बोलू. मी मान हलवली. मग म्हणाला, आन वयनीला आदी सांग, भायेरून कळलं तर बरं नाय दिसत. मी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला चिंच आवडते.

दुसऱ्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, तीनदा पडलो तेही, गोणीचा कागदही, निवड समितीचा दिवसही. नितेश सभ्य मुलगा आहे, तो हळूच म्हणाला, सर, यातून तुम्ही घाबरलात एवढंच सिद्ध होतं, आबा मोठे होते हे कसं होतं? त्याचा मुद्दा बरोबर होता. मी म्हणालो, सिद्ध होणार नाही, कारण सिद्ध करायची जी एक जागा होती ती मी रिकामी ठेवली. त्याच्या विक्रमात जे भोक तुला दिसतं त्याचं माप चौऱ्याऐंशी किलो आहे. नितेश वहीत काहीतरी लिहिता लिहिता थांबला. सरपंचताई म्हणाल्या, आबांनाच बोलवा.

गजानन आला तो भुवयांवर कोंडा घेऊनच. ताईंनी सगळं सांगितलं, हॉलला तुमचं नाव देतोय, नितेशचीही आता हरकत नाही, आणि बाहेर माहितीचा फळा लावून त्यावर सरांबरोबरच्या त्या लढतीचा उल्लेख करू, म्हणजे कोणी विचारायला नको. गजानन बसला नाही. म्हणाला, माजं नाव द्या नायतर नका देऊ, पण फळा लावणार असाल तर माज्यासमोर जे जे उतरले त्यांची नावं लिवा. रामकिशन लिवा, बाळाराम लिवा, त्या वॉचमनचं नाव शोधा. त्यांना ठाव व्हतं मार पडणार हाय, तरी दोरीखालून आत आले. ताई म्हणाल्या, आणि सरांचं? तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, तो सराव व्हता वो ताई. हा रिंगणात कुठं आला? याचं नाव नको.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पंचानं गुण सांगावेत तसं त्यानं सांगितलं आणि गिरणीवर माणसं थांबलीयत म्हणून निघून गेला. नावं जमवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ही माणसं मीच आणलेली होती. हमालाचं नाव मिळायला दीड महिना लागला, तो माथेरानच्या पायथ्याशी लेकीकडे राहतो, त्याला अर्धांगवायू झाला आहे. फळ्यावर नाव येणार म्हटल्यावर त्यानं चांगल्या हाताची मूठ करून मला दाखवली.

फळा आता लागला आहे. वर गजाननाचं नाव, खाली नऊ जणांची. माझी शाळेतली मुलं तिथे सरावाला जातात, वाचतात, आणि एखादा विचारतो की सर, तुम्हीही तेव्हा खेळायचात ना, मग तुमचं नाव कसं नाही. मी सांगतो की मी त्याच्याशी लढलो नाही. एवढं उत्तर पुरतं, मुलं पुढे काही विचारत नाहीत. त्या नऊ जणांतले चार गेले, पाच आहेत. जे आहेत त्यांना देवानं सुखात ठेवावं. मला काही मागायचं नाही, मी बरा आहे.