चांदणीचा उपास

डॉ. भैरवी : हंबीरराव, घोडीच्या ओठाला राजगिरा कसा लागलाय?

हंबीरराव : राजगिरा हाय व्हय त्यो? मला वाटलं, कोंडा असंल.

डॉ. भैरवी : काल फोनवर काय सांगितलं होतं मी? चांदणीला बेशुद्ध करून डोळ्यातली कॅन्सरची गाठ काढायची आहे. रात्रीपासून तिच्या पोटात काही जायला नको.

हंबीरराव : गेलंच न्हाय की. कडक उपास हाय. तिच्यासंगं आमी दोघांनीबी धरलाय.

डॉ. भैरवी : मग राजगिरा?

हंबीरराव : उपासाला चालतोय की. एकच लाडू दिला.

चिमणाबाई : अवो, तुमीबी दिलासा?

डॉ. भैरवी : तुम्हीबी म्हणजे?

चिमणाबाई : मी केळी दिली. सोलून दिली, डॉक्टरीणबाई. साबुदाण्याला हात लावला न्हाय. जड पडतोय.

डॉ. भैरवी : आज ऑपरेशन नाही. उद्या. घोडी इथंच राहील, तोंडाला मुसकं बांधून.

हंबीरराव : तवर गाठ वाढली म्हंजे?

डॉ. भैरवी : एका दिवसात नाही वाढत. पण बुबुळाच्या काठाशी आली आहे. जमलं तर गाठ कापून खालची जागा गोठवून टाकीन, डोळा राहील. नाहीतर डोळाच काढावा लागेल.

हंबीरराव : एका डोळ्यानं नाचंल ती वरातीत. पण ह्यो डावा हाय. डाव्या अंगाला मी चालतोय तिच्या. मी दिसायचा न्हाय.

चिमणाबाई : त्यात तिचं काय नुकसान न्हाय.

डॉ. भैरवी : आणखी दोन मुसकी मिळतात का बघते.

(जखम भरल्यावर, तपासणीच्या दिवशी, त्याच दवाखान्यात.)

डॉ. भैरवी : रिपोर्ट चांगला आहे. गाठीच्या कडा स्वच्छ आल्यात, मागं काही राहिलेलं नाही. आता नजर बघू. उजवा डोळा मी झाकते. तुम्ही डावीकडून हात हलवा.

हंबीरराव : हलवतोय की. चांदणे, ए बाई...

डॉ. भैरवी : बोलू नका. आवाजानं कळेल तिला.

चिमणाबाई : ढुंकूनबी बघंना झालीया.

हंबीरराव : डॉक्टरीणबाई, गेला काय वो डोळा?

चिमणाबाई : रिकाम्या हाताकडं का म्हणून बघंल ती? लाडू दावा.

डॉ. भैरवी : वासानं वळेल, चिमणाबाई. त्यावरून काही कळणार नाही.

चिमणाबाई : काचंची बरणी हाय. झाकण असं बसलंय, मलाच निघंना. धरा.

हंबीरराव : वळली. आता हिकडं सरकवतो... मान आली की हिकडं. आता वर. वरबी आली.

डॉ. भैरवी : दिसतंय तिला. चांगलं दिसतंय. बरणी खाली ठेवा, हंबीरराव, हात कापतोय तुमचा.

हंबीरराव : उपासानं कापतोय.

डॉ. भैरवी : आज कसला उपास?

चिमणाबाई : डोळ्याचं कळंस्तवर धरलाय त्यांनी. सकाळधरनं डझनभर केळ्यांवर हायत.

डॉ. भैरवी : आणि हे लाडू?

चिमणाबाई : तुमच्यासाठीच आणलं हुतं. पण आता कसं देऊ? तिनं बघितल्यात.