पदर आणि पट्टा

पदर करकचून खोचते म्हणून हसताय मला? माधवनगरच्या सूतगिरणीत मी काय बघितलंय ते ऐका.

आमच्या खात्यात कोरेगावची सोना नवीन लागली होती. मी तिला बजावलं होतं, "पदर कमरेला खोच, न्हाईतर मरशील." तिनं खोचलाही. पण तिचा सासरा त्याच गिरणीत यंत्रांना तेल घालायचा. तो आत आला, तशी पोरीनं पदर सोडून डोक्यावर ओढला. लोंबतं टोक यंत्राचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्यात गेलं आणि ती मानेसकट ओढली जाऊ लागली. तिच्या तोंडून आवाजही निघेना.

मी तिच्या कमरेला मिठी मारून ओरडले, "आवं मामा, बघताय काय? पट्टा उतरवा!"

म्हाताऱ्यानं काठीनं पट्टा चाकावरून उतरवला. पदर फाटला, पण मान वाचली.

मी म्हटलं, "सून पायजे का तिचा पदर?"

दुसऱ्या दिवशी सोना पदर खोचून उभी होती. आणि सुनेला डोक्यावर पदर घ्यावा लागू नये म्हणून सासराच पटक्याचा लोंबता सोगा तोंडावर ओढून त्या पट्ट्याकडे निघाला होता. मी ओरडले,

"आवं मामा, आदी त्यो सोगा खोचा!"